पायावरचा मार

माझा डावा अंगठा माझं ऐकत नाही, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर त्याची कधी तक्रार नव्हती. कांद्याची रोपं दाबली, भाकरीच्या कडा सारख्या केल्या, गाईंच्या धारा काढल्या, सगळं मुकाट्यानं केलं. पण मागच्या हिवाळ्यात धाकट्या जावेनं माझ्या हातात गेमचा रिमोट दिला आणि हा अंगठा असा अडून बसला की मला त्याचा खरोखरच राग आला.

आमचं घर बोरी बुद्रुकच्या मळ्यात, गावापासून लांब. घराच्या तीन बाजूंना ऊस, एका बाजूला कांदा. माझे मिस्टर टेम्पोत तरकारी भरून बाजाराला जातात, दीर रांजणगावला कंपनीत शिफ्टवर, माझी मुलं शिकायला पुण्यात. संध्याकाळच्या वेळी घरात तिघंच, आम्ही दोघी जावा आणि गुडघ्यांनी दगा दिलेले सासरे. दिवस मावळला की आमच्याकडे दारं लागतात, कारण उसात बिबट्या आहे. बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, आमचं नवल कधीच संपलं. धारा उरकून कडी लागली की सकाळपर्यंत टीव्ही आणि एकमेकांची तोंडं.

जाऊ दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. ती नारायणगावची, बाजारपेठेत वाढलेली. तिच्या भावाला परदेशात नोकरी लागली तेव्हा त्यानं आपला गेमचा डबा जाताना बहिणीला देऊन टाकला. त्यात एकच गेम होता, मारामारीचा. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकाची ताकद संपेपर्यंत हाणामारी करतात. तीन डावांत ज्याचे दोन, तो जिंकला. लहानपणापासून भावाशी खेळून तिचा हात बसला होता. मी मात्र रिमोट कुठल्या बाजूनं धरायचा इथून सुरुवात केली.

नुसती करमणूक असती तर मी दोन दिवसांत सोडून दिलं असतं. पण त्या खेळावर माझी संध्याकाळ टांगलेली होती.

आमच्या दोन गाई आहेत. गोठा अंगणाच्या पलीकडे, जांभळाखाली, आणि गोठ्याच्या मागं लगेच उसाची कड. सकाळच्या धारा जाऊ काढायची, संध्याकाळच्या मी, हे ती आल्यापासून ठरलेलं. थंडीत डेअरीवर दूध घालायच्या वेळेला अंधार पडायला लागतो. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी मी उकिडवी बसून धार काढत होते. गाईनं एकदम पान्हा चोरला. कान टवकारून ती माझ्या डोक्यावरून मागं बघायला लागली. मी मान वळवली, तर बांधावर तो बसला होता. नुसता बसला होता. बॅटरीचा उजेड त्याच्यापर्यंत पोहोचत होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात ते मला पाठ आहे. पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं, म्हणून उभं राहायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं सरकायचं. मी उभी राहिले. बादली सांडली. तशीच मागं सरकत घराच्या दारापर्यंत आले आणि आत गेल्यावर सांगितलं, की गाईनं लाथ मारून दूध सांडलं.

खरं सांगितलं असतं तर माझ्या गाई गेल्या असत्या. शेजारच्या मळ्यातली कालवड त्यानं नेली तेव्हापासून मिस्टरांचं एकच चाललं होतं, की जीव गेल्यावर दूध काय करायचंय, विकून टाकू. त्यातली एक गाय माझ्या माहेरून वासरू म्हणून आलेली आहे. दुधाचे पैसे माझ्या हातात येतात आणि त्यांचं काय करायचं हे मला कुणी विचारत नाही. एवढी एकच गोष्ट या घरात माझी आहे. तर मी गप्प बसले आणि पाठीच्या दुखण्याची सबब काढायला लागले.

आठवडाभर संध्याकाळचीही धार जावेनं काढली. मग एके दिवशी ती म्हणाली, रोज मीच का जायचं, आपण गेम खेळू, हरेल तिनं गोठ्यात जायचं. सासऱ्यांना ही कल्पना भलतीच आवडली. त्यांचा टीव्हीवरच्या मालिकांवरचा विश्वास उडाला होता, त्यांना काहीतरी खरं बघायचं होतं. मला नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि बटणं दाबण्यात असं काय मोठं असणार, असंही वाटलं.

खेळायला आधी आपला माणूस निवडावा लागतो. पडद्यावर सगळे उघडेबंब, अंगावर कसलीकसली चित्रं, केस रंगवलेले. त्यांच्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, अंगभर कपडे घातलेला. मी तो घेतला. जावेनं दोन वेण्यांची एक काटकुळी पोरगी घेतली. त्या पोरीनं माझ्या म्हाताऱ्याला पहिल्या संध्याकाळी असं बदडलं, की सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

डाव्या अंगठ्यानं माणूस हलवायचा आणि उजव्यानं मारायचं, एवढंच आहे. तरी मला ते जमेना. मी सगळी बटणं एकदम दाबायची. म्हातारा जागच्या जागी उड्या मारायचा, हवेत गुद्दे हाणायचा, पाठमोरा होऊन भलतीकडेच हातवारे करायचा, आणि ती पोरगी शांतपणे चालत यायची आणि त्याला आडवा करायची. सासरे म्हणायचे, अगं तो कुणाला मारतोय, तिकडं कुणी न्हाई. मला दिसत होतं की तिकडं कुणी नाही. मला ते ऐकून घ्यायची गरज नव्हती.

हरले की उठायचं. बादली, बॅटरी, घुंगरं बांधलेली काठी घ्यायची, आवाजानं बिबट्या लांब राहावा म्हणून खिडकीत रेडिओ मोठ्यानं लावायचा आणि अंगण ओलांडायचं. मी धार काढायला नीट बसायचीच नाही. अर्धवट वाकून, मान उसाकडे ठेवून, एका हातानं पिळायची. गाईला ते आवडेना. ती अंग चोरायची, दूध कमी द्यायची. डेअरीवर विचारायला लागले की गाय आजारी आहे का. गाय ठणठणीत होती.

घरात परत आले की माझा सगळा राग त्या खेळावर निघायचा. त्या वेण्यांच्या पोरीला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जाऊ हसायची. तिला वाटायचं मला हरण्याचा राग येतो. येतच होता, पण तेवढाच असता तर बरं झालं असतं.

तिनं मला शिकवलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळं एकदम दाबू नका, म्हणाली. उगाच उड्या मारू नका. आणि मारायचं राहू द्या, आधी मार अडवायला शिका. मागचं बटण दाबून धरलं की आपला माणूस मागं सरकतो आणि मार आलाच तर हातावर घेतो. हे मात्र मला पहिल्याच दिवशी आलं. तोंड समोर ठेवायचं आणि मागं सरकायचं, ते माझ्या अंगात होतंच. तिचे गुद्दे माझ्या म्हाताऱ्याच्या हातावर आपटायला लागले. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा एक डाव जिंकले. एकच डाव, पण त्या दिवशी मी मोठ्या आनंदानं भाकरी थापल्या.

तो आनंद दोन दिवस टिकला. मग जावेनं खालून मारायला सुरुवात केली. ती पोरगी वाकायची आणि माझ्या म्हाताऱ्याच्या पायावर लाथ घालायची. उभं राहून अडवलं की फक्त वरचा मार अडतो, पायावरचा अडत नाही. त्याला खाली बसूनच अडवावं लागतं. मागचं बटण दाबलेलं ठेवायचं आणि अंगठा जरासा खाली न्यायचा, तांदळाच्या दाण्याएवढा. तेवढंच करायचं होतं. माझा अंगठा तेवढंच करेना.

जाऊ सांगायची, ताई, खाली. ताई, खाली दाबा. मी दाबतेय, मी ओरडून सांगायची, आणि पडद्यावर म्हातारा ताठ उभा. लाथ. पुन्हा लाथ. मला वाटलं रिमोट बिघडलाय. आम्ही रिमोट बदलले. तिच्या हातात माझा रिमोट गेला तर तो व्यवस्थित चालला. मी म्हटलं तू काहीतरी लबाडी करतेस. तिनं शपथ घेतली. मी रिमोट गादीवर फेकला, पुन्हा उचलला, कारण दुसरा घ्यायला पैसे कुठून आणायचे. हे असं रोज चाललं. पायावर लाथ, बादली, बॅटरी, काठी, अंगण.

शेवटी सासरे बोलले. ते खुर्चीत गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून बसले होते. म्हणाले, "तो म्हातारा खाली का बसत न्हाई? त्याचं बी गुडघं गेल्यात का माझ्यावानी?"

जाऊ इतकी हसली की तिला उचकी लागली. मी हसले नाही. मी रागानं उठून गोठ्यात गेले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

उत्तर मिळालं ते कांद्यात. खुरपणी चालली होती. आमच्याकडे आता खुरपणीला बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून बसतात, कारण बिबट्या मानेला धरतो, आणि एकजण बांधावर उभी राहून उसाकडे लक्ष ठेवते. त्या दिवशी बांधावर मी उभी होते. आदल्या दिवशीही मीच होते, त्याच्या आदल्या दिवशीही. कुणी काही म्हणायच्या आत मी काठी घेऊन बांधावर जायची. बायकांना वाटायचं मोठी मालकीण कामाला कंटाळली. मला त्या क्षणी समजलं, की दिवाळीनंतर मी उघड्यावर एकदाही नीट खाली बसलेले नाही. कांद्यात नाही, गोठ्यात नाही, आणि टीव्हीतही नाही. मेला अंगठासुद्धा घाबरला होता.

इतकी चीड मला आयुष्यात क्वचित आली असेल. बिबट्याला मी समजू शकत होते. तो त्याच्या पोटासाठी हिंडतो. पण पडद्यावरच्या, कुणीतरी परदेशात बसून काढलेल्या म्हाताऱ्याला मी वाकू देत नव्हते, का तर तो शेळीएवढा दिसेल. असा मूर्खपणा बोरीतल्या बाईशिवाय कुणी केला नसता.

मग मी दुपारी सराव करायला लागले. सासरे झोपलेले, जाऊ गावात शिवणाच्या क्लासला गेलेली. गेममध्ये सरावाची सोय असते. समोरच्या पोरीला सांगून ठेवायचं, की फक्त पायावर लाथ मार, आणि ती न कंटाळता मारत राहते. मी सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि अंगठ्याला समजवायची. अरे, टीव्ही आहे. दुपार आहे. दार लावलंय. अंगठा खाली जायचा तेव्हा छातीत धडधडायला लागायचं, आणि त्या धडधडीचा पुन्हा राग यायचा. आधी दहांतली एखादी लाथ अडली. मग अर्ध्या अडायला लागल्या. एका दुपारी म्हातारा खाली बसला तो बसूनच राहिला, आणि ती पोरगी त्याच्या हातावर लाथा मारून दमली. म्हणजे ती दमत नाही, पण मला तसं वाटलं.

त्या संध्याकाळी मी तयारीत खेळायला बसले. म्हातारा खाली बसला. जावेनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्याच क्षणी तिच्या पोरीनं उडी मारून म्हाताऱ्याच्या टाळक्यात टाच घातली. तर नियम असा, की बसून पायावरचा मार अडतो पण डोक्यावरून आलेला अडत नाही. त्याला उठावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, तुम्ही बसतच नव्हता तर सांगून काय उपयोग. खाली बसलं की वरून, उठलं की खालून, हा काय खेळ झाला.

पण आता मी इरेला पेटले होते. पुन्हा दुपारचा सराव. तिची पोरगी उडी मारायच्या आधी जरा थबकते आणि तिच्या वेण्या मागं उडतात, हे मी हेरलं. वेण्या उडाल्या की उठायचं, नाहीतर बसून राहायचं. बाकी काही शिकायचंच नाही असं ठरवलं. मारायला एकच बटण ठेवलं, म्हातारा दोन्ही हातांनी ढकलतो ते. बाकीची बटणं माझ्यासाठी नव्हतीच.

संक्रांत होऊन गेली होती. त्या संध्याकाळी पहिला डाव मी हरले. दुसऱ्या डावात जावेचं बोलणं बंद झालं. तिनं खालून मारलं, मी बसले होते. वेण्या उडाल्या, मी उठले होते, आणि ती खाली येईपर्यंत म्हाताऱ्यानं तिला ढकललं. पुन्हा तेच. ती घाई करायला लागली, मी बसून राहिले. दुसरा डाव माझा झाला. तिसऱ्यात तिच्या हाताला घाम सुटला होता, ती रिमोट सारखा पदराला पुसत होती. मला वाटलं, आता हिला हरणं झोंबायला लागलं. शेवटी तिची पोरगी उडी मारून आली, मी उठून अडवलं आणि ढकललं. ती उताणी पडली ती उठलीच नाही.

सासऱ्यांनी काठी फरशीवर आपटली. मी इतके दिवस या क्षणाची वाट बघत होते, म्हणून मनसोक्त बोलून घेतलं. सांगितलं की ऊठ आता, बादली घे, रेडिओ लाव, तुझाच नियम.

ती उठली. बादली घेतली, काठी घेतली, बॅटरी लावून बघितली. दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला. आणि तशीच उभी राहिली. कडी काही काढेना.

मला वाटलं, हरली म्हणून तोंड वाकडं करून उभी आहे. मी म्हटलं, मी रोज जात होते की नाही, आता एक दिवस जायला काय होतं.

ती वळली नाही. दाराकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "ताई, मला लई भ्या वाटतं. तुमची पाठ दुखत व्हती तवा आठ दिवस गेले, त्यात मागं उसात काय वाजलं तरी माझं हात गार पडायचं. म्हणून तर तो नियम काढला. मला ठाऊक व्हतं, तुमी काय जिंकायच्या न्हाई."

माझं डोकं फिरलं. ही हसत होती, मला शिकवत होती, पायावर लाथा घालत होती, आणि मी रोज त्या उसाच्या कडेला जीव मुठीत धरून वाकत होते. मी म्हटलं, "आणि मी काय लोखंडाची आहे? मी त्याला बघितलाय. बांधावर. दिवाळीनंतर. गाईनं लाथ मारली न्हवती." बोलताना माझा आवाज चढला आणि मधेच फुटला, त्याचाही मला राग आला.

ती आता वळली. म्हणाली, आधी का नाही सांगितलं. मी म्हटलं, तू का नाही सांगितलंस. तिला वाटलं होतं, बाजारातली पोरगी मळ्यात टिकत नाही असं आम्ही म्हणू. मी गाईंचं सांगितलं. मग आम्ही दोघी एकमेकींकडे चिडून बघत उभ्या राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

सासरे आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. म्हणाले, "मग दोघी जा की. येकीनं काढायचं, येकीनं बघायचं. एवढ्यासाठी दोन महिनं मारामारी लावली व्हती व्हय?"

आम्ही कडी काढली. रेडिओ लावायचं दोघीही विसरलो. अंगणात अंधार पडलाच होता, उसाचं पातं पात्यावर घासल्याचा आवाज येत होता. गाईनं मान वळवून बघितलं. जावेनं एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि बांधावर उजेड टाकून ठेवला. उजेड एका जागी ठरेना. मी म्हटलं, नीट धर. ती म्हणाली, धरलाय, तुम्ही काढा.

ती माझ्या पाठीला पाठ लावून उसाकडे तोंड करून उभी राहिली. मग मी खाली बसले.